मेक्सिकोंतील एक पाकसिद्ध कादंबरी

लॉरा एस्किव्हेल या मेक्सिकन लेखिकेची 'कोमो आग्वा पारा चोकोलाते' ही स्पॅनिश कादंबरी १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. १९९२ मध्यें तिचें इंग्रजी भाषांतर निघालें, आणि त्याच वर्षीं आल्फोन्सो आराऊ यांनीं तिच्यावरून चित्रपट काढला. नांवाचा शब्दशः अर्थ 'चॉकलेटासाठीं ठेवलेल्या पाण्यासारखा' असा होतो. तिकडे चॉकलेट पाण्यांत करण्याचा जुना प्रघात आहे, व तें पाणी चांगलें खळखळून उकळावें लागतें. त्यामुळें रागानें वा अनुरागानें उतास आलेल्या माणसास हा वाक्प्रचार लावितात. पुस्तकाचीं प्रकरणें बारा, प्रत्येकास एका महिन्याचें नांव; आरंभीं एका पदार्थाचें साहित्य, आणि मग कृति सांगतां सांगतां कथा पुढें सरकते. एवढ्या वर्णनावरून तें पाकशास्त्राच्या फळीवर ठेवण्याजोगें आहे असा कोणाचा समज झाल्यास नवल नाहीं; परंतु त्या समजानें पुस्तकावर अन्याय होईल.

कथेचें स्थळ अमेरिकेच्या सरहद्दीवरील पिएद्रास नेग्रास गांवाजवळची एक वाडी, आणि काळ १९१० सालीं पेटलेल्या मेक्सिकन राज्यक्रांतीचा. वाडीची मालकीण ममा एलेना विधवा आहे. तिच्या घराण्याची रीत अशी कीं, सर्वांत धाकट्या मुलीनें लग्न न करितां आईची मरेपर्यंत सेवा करावी. धाकटी टीटा हिला पेद्रो मागणी घालतो. आई नकार देते व तिची मोठी बहीण रोसाउरा पुढें करिते. आणि टीटाच्या जवळ राहतां यावें म्हणून पेद्रो तें लग्न पतकरतो! एकाच छपराखालीं राहून दोघांनीं एकमेकांशीं बोलावयाचेंहि नाहीं, अशी ही व्यवस्था आहे. स्वयंपाक मात्र टीटाच्या हातीं आहे, आणि मनाई झालेलें सारें त्या वाटेनें बाहेर पडतें.

या कादंबरीच्या अद्भुताचें मर्म येथेंच आहे. अलेहो कार्पेंतिए या क्यूबन लेखकानें १९४९ सालीं एका कादंबरीच्या प्रस्तावनेंत, अमेरिका खंडाचें वास्तवच अद्भुत आहे असा विचार मांडला. पुढें १९६७ सालच्या गार्सिया मार्केसच्या 'शंभर वर्षांचा एकांत' या कादंबरीनें ती वाट जगाच्या परिचयाची केली. एस्किव्हेलबाई त्याच वाटेच्या, परंतु त्यांचें अद्भुत अधिक घरगुती व अधिक शिस्तीचें. बहिणीच्या लग्नाचा केक करितांना टीटाचे अश्रु पिठांत पडतात, आणि तो खाऊन १८० पाहुण्यांस आपापल्या हरवलेल्या प्रेमाची आठवण होऊन रडें कोसळतें, व शेवटीं वांत्या होतात. पेद्रोनें दिलेले गुलाब फेंकून देण्याची आईची आज्ञा होते, तेव्हां टीटा त्यांच्या पाकळ्यांच्या रसांत लावे शिजविते. तें भोजन दुसऱ्या बहिणीच्या, हेर्त्रूदिसच्या, अंगांत इतकें भिनतें कीं स्नानाची खोली पेट घेते, आणि ती विवस्त्र धांवत सुटून एका क्रांतिकारक शिपायाच्या घोड्यावर बसून निघून जाते. हें हास्यास्पद वाटण्यास एकच पायरी कमी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी तें पटतें. कारण येथील चमत्कार मनास येईल तेव्हां घडत नाहीं, जिव्हेला बंदी असेल तेव्हांच घडतो. अन्नानें तेथें बोलावयाचें, जेथें माणसानें बोलूं नये असा हुकूम आहे.

पण या केकाच्या प्रसंगांत अश्रूंहून अधिक हृदयास भिडणारी एक गोष्ट आहे, व ती बहुतेक वाचक ओलांडून जातात. टीटास वाढविणारी वृद्ध स्वयंपाकीण नाचा त्याच दिवशीं मरते. तिच्या हातांत तिच्या वाग्दत्त वराचें चित्र असतें. त्यास ममा एलेनाच्या आईनें हांकून लावलें होतें. म्हणजे ही रीत केवळ मुलींवर नव्हे, चाकरांवरहि चालत आली. नाचाची सारी विद्या टीटाकडे आली, परंतु नाचाच्या दुःखास लेखिकेनें चार ओळींपलीकडे जागा दिली नाहीं. चांगल्या कादंबरींतली ही मोठी उणीव होय.

ममा एलेनाचें चित्र मात्र उत्कृष्ट उतरलें आहे. तिच्या मृत्यूनंतर सांपडलेल्या पत्रांवरून कळतें कीं, तिचेंहि एका मिश्रवर्णी तरुणावर प्रेम होतें, तें तिच्या घरच्यांनीं मोडलें, आणि हेर्त्रूदिस त्याचीच मुलगी. रूढीची सर्वांत कडक रखवालदारीण ही तिचीच पहिली बळी असावी, ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हे; परंतु ही बातमी मृत्यूनंतर कळावी, आईस विचारण्याची सोय राहूं नये, यांत लेखिकेचें खरें कौशल्य आहे.

टीटाचें बंड भावनेचेंच आहे असें म्हणणारांनीं पहिलें प्रकरण पुन्हां वाचावें. धाकटीनें आईस सांभाळावयाचें, तर धाकटी म्हातारी झाल्यावर तिला कोणीं सांभाळावयाचें? हा प्रश्न ती मनाशीं विचारते. त्यांत प्रेमाचा संबंध नाहीं. तो रोकडा हिशेब आहे, आणि त्यास त्या घरांत कोणापाशींच उत्तर नाहीं. पुढें रोसाउरा आपली मुलगी एस्पेरान्सा हिलाहि त्याच रीतीस बांधूं पाहते, तेव्हां टीटा उघड भांडते. त्या भांडणामुळें चुलीवरचे घेवडे रुसतात व गाणें म्हटल्याशिवाय शिजत नाहींत! कलह व विनोद यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

नायक पेद्रो याजविषयीं थोडक्यांत सांगावें हें बरें: तो प्रेम करितो, हेवा करितो, आणि बाकी कांहीं करीत नाहीं. त्याच्यापेक्षां डॉक्टर ब्राउन शतपटीनें योग्य पुरुष होता. मनुष्य अंतरांत आगकाड्यांची पेटी घेऊन जन्मतो, आणि त्या पेटविण्यास दुसऱ्याचा श्वास लागतो, ही उपपत्तिहि त्याच्याच तोंडची. तथापि टीटा त्यास सोडून पेद्रोकडे वळते, आणि अखेरीस दोघेंहि त्याच आगीत संपतात. हा शेवट आम्हांस नाटकी वाटला.

सतराव्या शतकांतील मेक्सिकन जोगीण सोर हुआना हिनें अशा आशयाचें लिहून ठेविलें आहे कीं, ॲरिस्टॉटलनें स्वयंपाक केला असता तर त्यानें आणखी पुष्कळ लिहिलें असतें. एस्किव्हेलबाईंचें घराणें तेंच. आणि ज्या मिरचीवांचून आमचें जेवण होत नाहीं, ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली ती त्याच खंडाची. तेव्हां डिसेंबरच्या प्रकरणांतील अक्रोडाच्या रसांत बुडविलेल्या मिरच्या आमच्या वाचकांस अगदींच परक्या वाटणार नाहींत. एस्पेरान्साच्या लग्नांत त्याच वाढल्या जातात. वाडी त्या रात्रीं जळून जाते. राखेंत सांपडतें तें टीटाचें पाककृतींचें पुस्तक, आणि तें वाचून कथा सांगणारी ही एस्पेरान्साची मुलगी आहे.