गळ, नख आणि आकडा : ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधील वक्राकारांचा अन्वयार्थ

प्रस्तावना

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही लघुकादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये हेमिंग्वे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ (१९६५) या अनुवादामुळे ही कृती मराठी वाचकांच्या परिचयाची झाली. तिचे कथानक अल्प आहे. ८४ दिवस एकही मासा न मिळालेला क्यूबातील वृद्ध कोळी सांतियागो एकटाच दूर समुद्रात जातो, १८ फूट लांबीचा मार्लिन मासा पकडतो आणि परतीच्या वाटेवर शार्क माशांनी खाल्लेला त्याचा सांगाडा घेऊन किनाऱ्याला लागतो.

या कृतीचे वाचन प्रामुख्याने दोन दिशांनी झाले आहे. एक दिशा मानवी जिद्दीच्या गौरवाची आहे, तर दुसरी ख्रिस्ताच्या यातनांशी साम्य शोधणारी आहे. हेमिंग्वे यांनी मात्र कलासमीक्षक बर्नर्ड बेरेन्सन यांना १९५२ मध्ये लिहिलेल्या पत्रात कादंबरीत प्रतीके असल्याचे नाकारले होते. समुद्र हा समुद्रच आणि म्हातारा हा म्हाताराच, अशी त्यांची भूमिका होती. लेखकाचे मत समीक्षेवर बंधनकारक नसते, हे खरे. तरीही त्यातून एक उपयुक्त पद्धती हाती लागते. वस्तूला घाईने प्रतीक न बनवता ती कादंबरीत कोणते काम करते, ते प्रथम पाहावे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने कादंबरीतील गळ आणि गळासारख्या वक्राकारांचा विचार केला आहे.

गळाची रचना आणि ‘गळ घालणे’

गळ हे मानवाच्या प्राचीन साधनांपैकी एक होय. जपानमधील ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत शिंपल्यापासून बनवलेले सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे गळ सापडल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. द्रव्य बदलले, शिंपल्याची जागा हाडाने आणि पुढे धातूने घेतली. पण वाकलेल्या टोकाचे मूळ तत्त्व बदलले नाही. वक्र टोक सहज आत शिरते. मात्र ते बाहेर काढण्यासाठी आलेल्या मार्गानेच उलटे जावे लागते. ओढणारा जितक्या जोराने ओढतो तितके ते अधिक रुतते. म्हणजे गळात अडकलेल्या जिवाची शक्ती त्याच्याच विरुद्ध वापरली जाते.

हेमिंग्वे यांनी हे यंत्रशास्त्र अतिशय बारकाईने मांडले आहे. सांतियागोचे चार गळ ४०, ७५, १०० आणि १२५ वाव खोलीवर सोडलेले असतात. गळाचा दांडा आमिषाच्या माशात शिवून टाकलेला असतो आणि उघडे राहिलेले वाकण व टोक तारल्यांनी झाकलेले असते. या तारल्या दोन्ही डोळ्यांतून ओवलेल्या असल्याने पोलादावर अर्धवर्तुळाकार माळ चढवल्यासारखे दिसते. गळ हाताने घडवलेला आहे, हेही निवेदक नोंदवतो. शृंगार आणि घात यांचे इतके निकटचे नाते क्वचितच एवढ्या कोरड्या तपशिलातून व्यक्त झाले असेल.

१०० वाव खोलीवर मार्लिन आमिष चाचपू लागतो, तेव्हा सांतियागो त्याला अक्षरशः विनवतो. त्याने खावे म्हणून आर्जवे करतो आणि त्याच वेळी गळाचे टोक त्याच्या काळजात शिरावे अशी इच्छाही धरतो. येथे मराठी वाचकाला स्वभाषेतील एक जोड सहज आठवेल. ‘गळाला लागणे’ म्हणजे फसणे, तर ‘गळ घालणे’ म्हणजे काकुळतीने विनवणे. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे दोन्ही अर्थ या एकाच प्रसंगात एकत्र नांदतात, ही बाब महत्त्वाची आहे. सांतियागो पारधी आहे आणि याचकही आहे.

गळ लागल्यानंतर पारडे फिरते. दोरी नावेला पक्की बांधली तर मासा ती तोडील, म्हणून ती सांतियागोला स्वतःच्या पाठीवरून घ्यावी लागते. आता मासा नाव ओढून नेतो. गळ माशाच्या तोंडात आहे, पण दोरीचे दुसरे टोक म्हाताऱ्याच्या देहात रुतले आहे. पकडणारा आणि पकडलेला हा भेद येथे व्याकरणापुरता उरतो.

हाताचे नख होणे

दुसऱ्या दिवशी सांतियागोच्या डाव्या हाताला पेटके येतात आणि बोटे आत वळून घट्ट मिटतात. निवेदक त्या हाताला गरुडाच्या आवळलेल्या नखांची उपमा देतो. संतापलेला म्हातारा त्याला खुशाल नख हो म्हणून बजावतो, मात्र त्याचा काही उपयोग होणार नाही, असेही सुनावतो. ही उपमा केवळ दृश्यसाम्यावर उभी नाही. गरुडाचे नख हे निसर्गाने घडवलेले गळच होय. ज्या हाताने लोखंडी गळ समुद्रात सोडला, तो हातच आता वक्राकार झाला आहे. फरक असा, की गरुडाला पंजा उघडता येतो. सांतियागोला स्वतःचा हात उघडता येत नाही. गळाचा धर्म धरून ठेवण्याचा आहे, सोडण्याचा नाही. तो धर्म आता हाताने स्वीकारला आहे.

आत वळलेले दात

तिसरा वक्राकार माको शार्कच्या जबड्यात आहे. त्याच्या दातांच्या आठ ओळी आतल्या बाजूला कललेल्या असून ते दात आखडलेल्या मानवी बोटांसारखे दिसतात, असे वर्णन येते. म्हाताऱ्याच्या हाताला पक्ष्याचे नख म्हटले गेले. माशाच्या दाताला मानवी बोट म्हटले जाते. उपमेचा हा उलटा प्रवास हेतुपूर्वक वाटतो. गळ, हात, नख आणि दात एकाच कुळातले ठरतात आणि सांतियागोला निसर्गाबाहेरचे नैतिक उच्चासन उरत नाही.

यानंतर साधने एकेक करून जातात. माको भाला घेऊन बुडतो, सुऱ्याचे पाते मोडते. मासा नावेत ओढून घेण्याचा आकडा मात्र शिल्लक असतो. तो हाताशी असूनही उपयोगाचा नाही, हे म्हातारा जाणतो. पेटका आलेल्या हाताबद्दलचाच शेरा येथे जवळजवळ त्याच शब्दांत परततो. कारण आकडा जवळ ओढू शकतो, दूर लोटू शकत नाही. माणसाने मिळवण्यासाठी घडवलेले साधन मिळवलेले राखण्यासाठी निकामी ठरते. कादंबरीच्या शोकात्म जाणिवेचे मर्म या साध्या तांत्रिक मर्यादेत आहे. आपण फार दूर गेलो, ही सांतियागोची कबुलीही याच अर्थाने वाचावी लागते.

निष्कर्ष

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. समान आकार दाखवल्याने समान अर्थ सिद्ध होत नाही. हा आक्षेप योग्यच आहे. म्हणून येथे आकारापेक्षा कार्याला महत्त्व दिले आहे. धरणे, न सोडणे आणि धरणाऱ्याने स्वतः बांधले जाणे, हे कार्य वरील उदाहरणांतून क्रमाने पुढे सरकते.

यामुळे जिद्दीचे वाचन पूर्णतः खोटे ठरत नाही. ते अपुरे ठरते. विद्यार्थ्यांसमोर ही कृती ‘हार मानू नका’ या बोधापुरती मांडली, तर न सोडण्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्न दडपला जातो. ती म्हाताऱ्याने मोजली आणि ज्याला तो भाऊ म्हणत होता त्या माशानेही मोजली.

कादंबरीच्या अखेरीस सांगाडा आणि विळ्याच्या पात्यासारखी वाटलेली ती भव्य शेपटी पाहून एक पर्यटक स्त्री चौकशी करते. घडले ते सांगू पाहणाऱ्या वेटरच्या बोलण्यातून ती सांगाडा शार्कचाच असल्याचे समजते आणि शेपटीच्या सुंदर आकाराचे कौतुक करते. आकार दिसला, पण त्यामागील झुंज व घात दिसला नाही. केवळ बोधावर समाधान मानणाऱ्या वाचनाची गत याहून फारशी वेगळी नाही.