असईचा हत्ती

पलटणींची टोपणनावे आणि बिल्ले यांना साहित्य म्हणावे काय? म्हणायला हरकत नसावी. थोडक्यात पुष्कळ सांगणे हा साहित्याचा गुण त्यांत असतोच. आणि साहित्य म्हटले की परीक्षण आले.

काही नावे नुसत्या डोळ्यांनी दिलेली असतात. अंबडची टेकडी माशासारखी दिसते, म्हणून तिच्यावरची देवी मत्स्योदरी. त्याच न्यायाने मुंबईच्या पाचव्या पलटणीच्या लाल डगल्याला काळ्या कापडाची कॉलर, म्हणून ती ‘काली पांचवी’. मराठा शिपायाला ‘गणपत’ म्हणत, तेही घरोघर आढळणाऱ्या नावावरून. ही नावे निर्मळ आहेत. त्यांनी कुणाला खाली पाहायला लावलेले नाही.

असईच्या हत्तीचे तसे नाही. असई हे आपल्याच जालना जिल्ह्यातले गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच्या गोऱ्या व मद्रासी पलटणींना हत्तीचे चिन्ह मिळाले. ७४ व्या हायलंडर पलटणीला तर ‘असई रेजिमेंट’ असेच म्हणू लागले. तो हत्ती आजही आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर उभा आहे.

महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याच्या जागी खंजीर आला. स्वातंत्र्यानंतर एतद्देशीयांविरुद्धच्या लढायांचे मानही सेनेने मिरवणे सोडले. मग हत्तीच का टिकला? आमच्या मते, तो मुका आहे म्हणून. स्तंभ एका जागेचे नाव सांगतो. हत्ती कोणत्याही रणांगणाचा होऊ शकतो. ज्याने मद्रासी शिपायाच्या चार पिढ्यांना धीर दिला, ते चिन्ह केवळ वेलस्लीचे उरत नाही. म्हणून ते पुसावे असे आम्ही म्हणणार नाही.

पण चिन्ह म्हणून त्यात एक मोठी उणीव आहे: ते अर्धीच गोष्ट सांगते. त्या दिवशी वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. शत्रू अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग टाकून उठलेल्या आणि पुन्हा तोफा डागणाऱ्या मराठी फौजेतल्या गोलंदाजांना कोणताच बिल्ला मिळाला नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले मावळे मांडतील, तेव्हा त्या गोलंदाजांची गोष्टही त्यांना कुणीतरी सांगावी.