अनंताचे तीन पिवळे

अनंताचं कौतुक बहुधा त्याच्या शुभ्रपणापाशी आणि वासापाशी थांबतं. ती मोहिनी खरीच. पण या झुडपाचा रस पुरता चाखायचा, तर त्याचा पिवळा रंग पाहावा. तो फुलात दिसतो, पानात दिसतो, फळात दिसतो. आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काही सांगतो.

फुलातला पिवळा वयाचा. हिरवट कळीत पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून बसलेल्या असतात. पीळ सुटला की फूल पांढरंशुभ्र उमलतं. एकदोन दिवसांत त्यावर सायीची छटा चढते आणि मग ते पिवळं होतं. बहरात एकाच झाडावर या तिन्ही अवस्था शेजारी शेजारी नांदतात. पिवळ्या फुलालाही वास असतो, जरा जडावलेला. ते खुडून टाकायची घाई करू नये. फुलाचं सगळं आयुष्य एका नजरेत दाखवणारी झाडं थोडीच.

पानातला पिवळा मात्र तक्रारीचा. अनंत सदाहरित, पानं गडद, तकतकीत. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असं समजावं. बऱ्याचदा लोह मातीत असतंच, पण चुनखडीच्या जमिनीत मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून कोकण-गोव्याच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत सुखानं वाढणारा अनंत देशावरच्या काळ्या जमिनीत, बोअरच्या जड पाण्यावर झुरतो. तिथे तो कुंडीत लावावा. मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर घालावा, सामू ५ ते ६च्या दरम्यान ठेवावा, जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं. तरीही पानं सुधारली नाहीत तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं. खालची एखाददुसरी जुनी पानं पिवळी होऊन गळाली, तर काळजीचं कारण नाही.

तिसरा पिवळा फळातला, आणि आपल्याला सर्वांत अनोळखी. जॉन एलिसनं १७६१मध्ये अलेक्झांडर गार्डन या डॉक्टरच्या सन्मानार्थ ज्याला ‘गार्डेनिया’ म्हटलं, ते हे झुडूप पूर्व आशियातलं. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला कंगोरेदार, नारिंगी फळं धरतात. त्यांत क्रोसिन हे पिवळं रंगद्रव्य असतं. केशराचा रंगही त्याचाच. चीन-जपानमध्ये या फळांनी कापड रंगवत आले आहेत, आणि जपानी नववर्षाच्या कुरी-किंतोन या गोड पदार्थाचा सोनेरी रंगही त्यांचाच.

आपल्या अंगणांत बहुतेक दुहेरी पाकळ्यांचा अनंत असतो. त्याला फळ क्वचितच धरतं, कारण पाकळ्यांचं हे वैभव पुंकेसरांच्या मोबदल्यात आलेलं असतं. म्हणून एकेरी अनंताचं रोप कुठे मिळालं, तर साधं म्हणून ते नाकारू नये. फूल, पान आणि फळ यांचा पूर्ण अर्थ त्याच्याच जवळ आहे.