स्वामीच्या सुट्टीतील चाक

एप्रिल महिना लागला की धर्मग्रामातील पालक आमच्याकडे एक ठरावीक प्रश्न घेऊन येतात : ‘फादर, दोन महिने मुलांना कशात गुंतवायचे?’ मग शिबिरे भरतात, गायनाचे आणि चित्रकलेचे वर्ग सुरू होतात. त्यात आम्हीही मागे नसतो. अशा वेळी आम्हाला हटकून एका पुस्तकातील सुट्टीची आठवण होते. ते पुस्तक म्हणजे आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही इंग्रजी कादंबरी. ग्रॅहॅम ग्रीन यांच्या साहाय्याने ती १९३५ साली लंडनमध्ये प्रकाशित झाली. पुढे शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ या दूरदर्शन मालिकेमुळे स्वामी घरोघरी पोहोचला. मालिका पाहिलेले पुष्कळ भेटतात. पुस्तक वाचलेले मात्र थोडे. सुट्टीच्या दिवसांत ते घरात मोठ्याने वाचले जावे, अशी आमची इच्छा आहे.

मालगुडी या काल्पनिक गावातील स्वामीनाथन हा वकिलाचा मुलगा. सुट्टीत त्याच्यापुढे एक अनपेक्षित संकट उभे राहते. न्यायालयालाही सुट्टी असते आणि त्यामुळे वडील दिवसभर घरीच असतात! एका दुपारी ते त्याला गणित घालतात. रामाजवळ दहा आंबे आहेत, त्यांचे त्याला पंधरा आणे हवेत. कृष्णाला चारच आंबे पाहिजेत, तर त्याने किती द्यावे? स्वामीला आधी हे जाणून घ्यायचे असते की, आंबे पिकलेले आहेत की कच्चे. वडिलांच्या लेखी हा प्रश्न निरर्थक; मुलाच्या लेखी त्याशिवाय व्यवहारच शक्य नाही. अखेर ‘सहा आणे’ हे उत्तर निघते आणि त्याबरोबर स्वामीला रडू कोसळते. संध्याकाळी वडिलांनाच वाईट वाटते आणि ते त्याला आपल्याबरोबर क्लबात नेतात. लेखक कोणालाही दोषी ठरवीत नाही. बापाची माया आणि मुलाचे रडू ही दोन्ही खरी आहेत, एवढेच तो दाखवतो.

परंतु या सुट्टीचा खरा गाभा आहे तो एका चाकात. काठीने टोलवीत रस्त्याने पळवायचे ते साधे चाक. त्यासाठी स्वामी झुरतो. एक गाडीवान त्याला चाकाचे आमिष दाखवून पैसे उकळतो. आणखी पैसे कोठून आणावे हे कळेनासे झाल्यावर स्वामी खोक्यात खडे ठेवतो आणि त्यांची नाणी व्हावीत म्हणून देवाची मनोभावे प्रार्थना करतो. खडे खडेच राहतात. त्याला संताप येतो, आणि मागोमाग भीतीही वाटते की, आपल्या रागामुळे देव तर रागावला नसेल?

हा प्रसंग वाचून वाचक हसतो. धर्मगुरू म्हणून आम्हाला मात्र पुरते हसता आले नाही. मागणे, वाट पाहणे, निराश होणे, रुसणे आणि पुन्हा हात जोडणे : मोठ्यांच्या प्रार्थनेची तरी याहून वेगळी वाट असते काय? आजार बरा व्हावा, नोकरी लागावी म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांच्या ओंजळीतही पुष्कळदा असेच खडे असतात.

‘श्यामची आई’ हे पुस्तक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे लहानसहान प्रसंगातून आई श्यामला काही शिकवते आणि प्रसंगाची सांगता त्या शिकवणुकीत होते. नारायण यांच्या पुस्तकात चाक मिळत नाही, पैसे जातात, आणि त्यातून कोणताही बोध काढला जात नाही. दुःख लहान आहे, म्हणून ते खोटे नाही, एवढाच त्यांचा आग्रह. दोन्ही वाटा आपापल्या जागी योग्य आहेत. पण व्यासपीठावरून बोध करण्याची सवय जडलेल्या आमच्यासारख्यांना दुसरी वाट अधिक शिकवून जाते.

आपल्या वाचकांना अस्वस्थ करील असे एक पात्र या कादंबरीत आहे. स्वामीच्या मिशन शाळेत बायबल शिकवणारे एबेनेझर मास्तर हिंदू देवदेवतांची वर्गात टवाळी करतात आणि उलट प्रश्न विचारणाऱ्या स्वामीचा कान पिळतात. नारायण स्वतः मद्रासच्या लुथरन मिशन शाळेत शिकले होते. तेथील अशा शिकवणीविषयी त्यांनी ‘माय डेज’ या आत्मकथेत (१९७४) लिहिले आहे. तेव्हा हे पान केवळ ख्रिस्तीद्वेषातून लिहिले गेले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. बालकांना आपल्याजवळ येऊ देणाऱ्या प्रभूच्या नावाने कोणी बालकाचा कान पिळला असेल, तर लाज आपल्याला वाटावयास हवी. आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या मुलांना आम्ही किती वेळा ‘खाली बैस’ म्हटले, याचा हिशेब आम्हाला हे पान वाचताना द्यावा लागला.

पुस्तकात उणीव नाही असे नाही. भर उन्हात स्वामी आणि त्याचे दोन मित्र सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून बैलगाडी हाकणाऱ्या करुप्पन या पोराला अडवतात आणि धमकावतात. प्रसंग रंगतदार आहे. पण करुप्पनच्या मनात काय चालले होते हे लेखक सांगत नाही. गाडीवानाचा मुलगाही केवळ भीतीचे कारण बनून राहतो. स्वामीच्या चाकाला जो न्याय मिळाला, तो या कष्टकरी पोरांच्या वाट्याला आला नाही. वाचून दाखवणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे आणि ऐकणाऱ्या मुलांना विचारावे : ‘करुप्पन घरी जाऊन काय बोलला असेल?’

पालकांच्या त्या ठरावीक प्रश्नाला यंदा आमचे उत्तर थोडे वेगळे आहे. शिबिरे जरूर भरवू या. पण मुलांच्या सुट्टीतील काही दुपारी रिकाम्या राहू द्या. त्या दुपारी एखादे चाक हवेसे वाटेल, ते मिळणार नाही, आणि मूल हिरमुसून दारात येऊन बसेल. तेव्हा त्याला गणित घालण्यापूर्वी, आणि बोध करण्यापूर्वी, आंबे पिकलेले होते की कच्चे, एवढे तरी त्याला सांगू या.