अमानतची होरी

उर्दूच्या वर्गात आम्ही आगा हसन अमानतला एका ओळीत उरकतो : लखनौचा शायर, जन्म 1815, ‘इंदरसभा’चा कर्ता. शब्दखेळाचा शौकीन म्हणून टीकाकारही त्याला बाजूला सारतात. आरोप खोटा नाही. त्याच्या गझला कारागिरीने जड झाल्या आहेत.

पण ‘इंदरसभा’ गाण्यासाठी आहे. ऐन तारुण्यात वाचा गेलेला, ती परतल्यावरही अडखळत बोलणारा हा माणूस घरातच बसून असे. 1850 नंतर मित्राच्या आग्रहाने त्याने ही संगीतिका लिहिली. पुखराज, नीलम, लाल, सब्ज या पऱ्यांच्या तोंडी गझलांबरोबर ठुमरी, होरी, बसंतही दिले. तिथे फारसीचा भार उतरतो, ब्रजची गोडी येते. मर्सिये लिहिणाऱ्या या शायराला होरी परकी वाटली नाही. आमच्या मते त्याचे खरे काव्य इथेच आहे. गझलेच्या फूटपट्टीला ते सापडत नाही.

वाजिद अली शाहने ती लिहवून घेतली, ही दंतकथा मसूद हसन रिजवी अदीब यांनी खोडली. ती आम लोकांच्या रंगमंचाची होती. म्हणूनच मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी ती उचलली आणि 1932 च्या बोलपटात सत्तरच्या आसपास गाणी आली. वर्गात मात्र आम्ही दरबाराचीच गोष्ट सांगत राहिलो.