अग्नीवांचून होळी

सणाच्या जेवणाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कित्येक वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, भोजनपत्रिका हाही एक लेखच होय. तिच्यांत निवड असते, क्रम असतो, आणि न सांगतां सोडून दिलेलेंही पुष्कळ असतें.

गेल्या फाल्गुनांत लंडन येथें पुतणीच्या घरीं मुक्काम असतांना, एका भारतीय भोजनगृहानें होळीनिमित्त योजिलेल्या खास भोजनास आम्ही सहकुटुंब गेलों होतों. त्या शहरास आपलें अन्न नवें नाहीं. पाटण्याच्या साके दीन महंमद यानें १८१० सालीं तेथें ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढलें. १८१२ सालीं त्याचें दिवाळें निघालें. पुढें १९२६ सालीं ‘वीरस्वामी’ उघडलें. दीन महंमदाच्या डोळ्यांसमोर हिंदुस्थानांतून परतलेला साहेब होता. आज मात्र ज्यांचा सण, तेच पाहुणे म्हणून येऊन बसतात. म्हणून यजमानाची जबाबदारी वाढली आहे.

गुणांचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. थंडाई उत्तम वाटलेली होती. बदाम, बडीशेप आणि मिरीं हीं एकमेकांस दडपीत नव्हतीं. गुजिया ताज्या होत्या. अनोळखी कुटुंबांना एकाच लांब मेजावर बसविण्याची कल्पना तर फारच योग्य. परंतु पुढें आलें तें नेहमींचेंच लोण्यांतलें कोंबडें, आणि सोबत तीन रंगांचा भात! शेवटीं पुरणपोळी आली, पण तुपावांचून आणि कटाच्या आमटीवांचून. पुरण जेथें शिजतें तेथें कट निघतोच. तो दिसला नाहीं, तेव्हां पोळी बहुधा बाहेरून आणलेली असावी.

याहून मोठी उणीव पत्रिकेंत होती. तिच्यांत वसंत होता, रंग होते, सज्जनांचा जय होता. अग्नीचें मात्र नांव नव्हतें. आपल्याकडे फाल्गुनी पौर्णिमेच्या सायंकाळीं होळी पेटते, पोळीचा पहिला मान तिचा, मग माणसांचा. दुसऱ्या दिवशीं धूळवड, आणि रंगाला परंपरेनें जागा मिळते ती वद्य पंचमीस. जो सणाचा शेवट, तोच येथें संपूर्ण सण ठरला होता. पुतणीच्या सात वर्षांच्या मुलीनें पत्रिका वाचून विचारलें, “आजोबा, होळी म्हणजे भात रंगवायचा सण का?” तिची आई हंसली, आम्हांला हंसतां आलें नाहीं. ज्या घराला अंगण नाहीं आणि जेथें छताला धुराची सूचना देणारी घंटा टांगलेली, तेथील मुलीला होळी कळणार ती अशा पत्रिकेवरूनच.

भोजनगृह हें दुकान आहे, देऊळ नव्हे, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य आहे. पण जो सणाचें नांव विकतो, त्यानें त्या नांवाशीं थोडें इमान राखावें. सण घराबाहेर साजरा झाला, याबद्दल आमची तक्रार नाहीं. होळी मुळांत एका घराची कधींच नव्हती. घरोघरच्या गोवऱ्या आणि लाकडें गोळा होऊन ती चव्हाट्यावर पेटे. ज्यांना चव्हाटा उरला नाहीं, त्यांनीं तो भोजनगृहांत शोधावा, हें स्वाभाविकच आहे. पुण्यामुंबईस राहून पोळ्या दुकानांतून आणविणाऱ्या आम्हां मंडळींस तर त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकारच नाहीं.

आमची मागणी लहान आहे. मेजाच्या मध्यभागीं एक दिवा असावा, पहिली पोळी त्याच्यापुढें ठेवली जावी, आणि असें कां करतात हें पत्रिकेंत दोन सरळ वाक्यांत सांगावें. यांस खर्च नाहीं. ठाऊक असणें तेवढें लागतें.

त्या रात्रीं घरीं परतल्यावर आम्ही मुलीला होळीची सारी हकीकत सांगितली. ती ऐकून तिनें निरांजन लावावयास लावलें, आणि भोजनगृहांतून बांधून आणलेल्या पोळीचा तुकडा त्याच्यापुढें ठेवला. पोळी विकतची होती, तूप नव्हतें, आणि मुहूर्तही टळला होता. तरी तो नैवेद्य अग्नीनें स्वीकारला असावा, असें आम्हांस वाटतें.