अंड्यावरील बुरशी आणि औषधरोध : महाविद्यालयीन संशोधनातील एका प्रघाताची चिकित्सा

प्रास्ताविक

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांत 'अंड्याच्या कवचावरील बुरशी' हा विषय वर्षानुवर्षे टिकून आहे. अंडी कोठेही मिळतात, त्यांना फारसा खर्च येत नाही आणि आठवड्याभरात पेट्री-बशीत काही ना काही उगवतेच. बाजारातून अंड्यांचा ट्रे आणावा, ओल्या निर्जंतुक बोळ्याने कवच पुसावे, तो बोळा साबुरो डेक्स्ट्रोज अगारवर फिरवून बशी 28 अंश सेल्सिअसला ठेवावी, आणि लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यूमध्ये बीजाणू पाहून ॲस्परजिलस, पेनिसिलियम, म्यूकर, क्लॅडोस्पोरियम अशी नावे द्यावीत, असा हा क्रम आहे. पुढे कडुनिंबाचा किंवा तुळशीचा अर्क येतो, अवरोधवलयाचा व्यास मिलिमीटरमध्ये नोंदविला जातो आणि निबंध पूर्ण होतो. अलीकडे याच साच्याच्या शीर्षकात 'औषधरोध' हा शब्द दाखल झाला आहे. कार्यपद्धती मात्र जुनीच राहिली आहे. प्रस्तुत लेखात कोणा एका निबंधाचे परीक्षण करावयाचे नाही. या साच्याची चिकित्सा नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात करावयाची आहे, कारण औषधरोधाचा प्रश्न ज्या परिस्थितीत उद्भवतो ती या जिल्ह्यात शेतापासून शेडपर्यंत पसरलेली आहे.

विद्यार्थ्याला निर्जंतुक हाताळणी शिकविण्यासाठी हा प्रकल्प चांगला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आक्षेप आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या अनुमानांवर.

प्रश्नाचे खरे स्वरूप

बुरशीजन्य रोगांवर उपलब्ध असलेली औषधे मोजकीच आहेत. त्यांपैकी ॲझोल गटातील इट्राकोनॅझोल व व्होरिकोनॅझोल ही फुप्फुसातील ॲस्परजिलसवर मुख्यतः वापरली जातात. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात उरलेल्या पोकळीत ॲस्परजिलस घर करतो, अशा रुग्णांना हे औषध कित्येक महिने घ्यावे लागते. क्षयाचा भार मोठा असलेल्या आपल्या देशात अशा रुग्णांची वाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये 19 बुरशींची प्राधान्यसूची प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वाधिक गंभीर अशा चार जातींत ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा समावेश आहे.

हीच जात पोल्ट्रीवाल्यांच्या परिचयाची आहे. ओलसर तुसाच्या गादीतून उडणारे बीजाणू श्वासावाटे गेल्याने लहान पिल्ले धापा टाकीत मरतात. तो रोग म्हणजे ॲस्परजिलोसिस. पिल्लाच्या आणि माणसाच्या फुप्फुसातील बुरशी एकाच जातीची, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील प्रश्न आपोआप उभा राहतो : शेडमधील बुरशीवर रुग्णाचे औषध अजून चालते काय?

ही शंका काल्पनिक नाही. पिकांवर फवारली जाणारी ट्रायझोल बुरशीनाशके आणि रुग्णालयातील ॲझोल औषधे बुरशीच्या एकाच विकरावर आघात करतात. हे विकर तयार करणाऱ्या जनुकात बदल झाला की दोन्ही निष्प्रभ होऊ शकतात. या बदलाचा टीआर34/एल98एच हा प्रकार प्रथम नेदरलँड्समध्ये ठळकपणे पुढे आला. 2012 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील अनुराधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील कुंड्यांची माती, भातशेते व चहाचे मळे यांतून असाच औषधरोधी फ्युमिगेटस वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. ज्यांनी कधी औषध घेतले नाही अशा मातीत औषधरोध सापडला, याचा अर्थ तो रुग्णालयाबाहेर घडत होता.

नमुना कोठला?

आता मूळ साच्याकडे वळू. 'नाशिक शहरातील अंडी' या शब्दप्रयोगातच पहिली अडचण आहे. नाशिक जिल्हा प्रामुख्याने करार पद्धतीच्या ब्रॉयलर पालनासाठी ओळखला जातो. महाराष्ट्राची रोजची गरज दोन कोटींहून अधिक अंड्यांची असून तिच्यातील मोठा वाटा तेलंगण, कर्नाटक व तमिळनाडूतून येतो, ही बाब 2023 मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन विभागानेच मांडली होती. तेव्हा किरकोळ दुकानातील ट्रे नामक्कलचा आहे की सिन्नरचा, हे न विचारता मांडलेले 'स्थानिक' निष्कर्ष स्थानिक राहत नाहीत. त्यातच कागदी लगद्याचे ट्रे ओलसर झाले की त्यांवरच बुरशी चढते. थंड जागेतून दमट हवेत आणलेल्या अंड्याला घाम सुटतो, आणि कवचाच्या सात ते सतरा हजार छिद्रांतून बुरशीचे तंतू आत शिरण्यास वाट मिळते. अशा वेळी बोळ्यावर आलेली बुरशी कोंबडीची, ट्रेची की दुकानाची?

दुसरी अडचण तापमानाची. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश असते, उबवणी यंत्राचे 37.5 च्या आसपास. 28 अंशांवर बशी ठेवली की हवेतील पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम बशी व्यापतात, आणि ज्या जातीमुळे पिल्लू वा माणूस आजारी पडतो ती झाकली जाते. एकच जादा बशी 45 अंशांवर ठेवली तरी हे चित्र बदलते. त्यासाठी वेगळे अनुदान लागत नाही.

तिसरी बाब अंडी खाणाऱ्याची. कवचावर बुरशी सापडली म्हणून 'ग्राहकांच्या आरोग्यास गंभीर धोका' असे वाक्य अखेरीस हमखास येते. ॲस्परजिलसचा मानवी संसर्ग प्रामुख्याने श्वासमार्गे होतो. उकडलेले अंडे खाऊन तो होत नाही. खाण्याच्या बाजूने खरी चिंता करावयाची तर ती अफ्लाटॉक्सिनची, कारण हे विष नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी विषारी शेंगदाणा पेंडीने दगावले आणि त्या शोधातून हे विष उघड झाले. 1974 मध्ये आपल्या शेजारच्या बांसवाडा व पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांतील माणसे मेली. मात्र खाद्यातील या विषाचा हजारांत एकाहूनही कमी अंश अंड्यात उतरतो. त्यामुळे तपासायचे तर लासलगाव-येवल्याच्या बाजारातून पोल्ट्रीच्या खाद्यात जाणारा मका तपासावा. शिवाय विषनिर्मिती ॲस्परजिलस फ्लेव्हसची, आणि ती औषधरोधाहून सर्वस्वी निराळी गोष्ट. दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबण्याची सवय सोडलेली बरी.

औषधरोधाची चाचणी

या निबंधांतील सर्वांत गंभीर दोष येथे आहे. औषध म्हणून बहुधा फ्लुकोनॅझोलची चकती वापरली जाते, कारण ती सहज मिळते. ॲस्परजिलसवर वलय उमटत नाही आणि 'सर्व वाण औषधरोधी' असा निष्कर्ष लिहिला जातो. वस्तुतः ॲस्परजिलस फ्युमिगेटसवर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही. हा त्या जातीचा स्वभाव आहे, अर्जित औषधरोध नव्हे. म्यूकर कुळातील बुरशीवर व्होरिकोनॅझोल न चालणेही त्याच प्रकारचे. 2021 मध्ये कोविडनंतरच्या म्यूकरमायकोसिससाठी ॲम्फोटेरिसिन-बी मिळविताना नातेवाइकांची जी वणवण झाली, तिच्यामागे हेही एक कारण होते. स्वाभाविक आणि अर्जित यांत भेद न करणारा तक्ता कितीही नेटका असला तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कडुनिंबाच्या अर्काचे वलय फ्लुकोनॅझोलहून मोठे आले, हा दावा तर याच गैरसमजावर उभा असतो.

योग्य चाचणी आवाक्याबाहेरची नाही. किमान रोधक मात्रा काढण्याची प्रमाणित पद्धत सर्वत्र शक्य होणार नाही, पण तिच्या आधीची चाळणी शक्य आहे. प्रतिलिटर 4 मिलिग्रॅम इट्राकोनॅझोल मिसळलेल्या अगारवर फ्युमिगेटस वाढला तर तो संशयित समजावा व पुढील तपासणीसाठी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावा. पावडर शुद्ध हवी, दुकानातील कॅप्सूल फोडून चालणार नाही. ओळख पटविण्यासाठी 48 अंशांवरील वाढ पाहावी. तेथे फ्युमिगेटस वाढतो, तर त्याच्यासारखाच दिसणारा आणि ॲझोलना कमी दाद देणारा लेंट्युलस वाढत नाही. बीजाणू उडू नयेत म्हणून जैवसुरक्षा कपाट अनिवार्य आहे, याबाबत तडजोड नको.

मळा, शेड आणि उकिरडा

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला भुरी म्हटले की हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही नावे पाठ असतात. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिलचे अंश आढळल्यानंतर निर्यातक्षम द्राक्षांसाठी अंश-नियंत्रणाची काटेकोर व्यवस्था उभी राहिली आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ती समर्थपणे पेलली. ही व्यवस्था द्राक्षमण्यात किती औषध उरले ते मोजते. बागेतील बुरशी त्या औषधाला किती सरावली, हे मोजणे तिच्या कक्षेत नाही. फळ परदेशी जाते म्हणून त्याची मोजणी झाली. बुरशी मात्र येथेच राहते.

तिचा मुक्काम कोठे असतो, याचे दिग्दर्शन युरोपीय संघाच्या पाच संस्था व संयुक्त संशोधन केंद्र यांनी जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. ॲझोलचे अंश असलेला, कुजत पडलेला वनस्पतिजन्य कचरा व खतांचे ढीग हे औषधरोधाच्या वाढीस अनुकूल ठरतात. उभ्या पिकापेक्षा उकिरडा महत्त्वाचा, असा त्याचा मराठी अर्थ. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीच्या व ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या काड्या, फवारणी झालेला पाला आणि शेडमधून निघालेले तुसाचे कोंबडीखत एकाच बांधावर येऊ शकतात. ढीग आतून 50 अंशांपर्यंत तापतो आणि फ्युमिगेटस त्या उष्णतेत तग धरून राहतो. पुढे ते खत पुन्हा बागेत जाते.

यावरून द्राक्षबागेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे घाईचे होईल. पोल्ट्रीचा स्वतःचा वाटाही तपासला पाहिजे. आपल्या उबवणी केंद्रांत फॉर्मलीन व पोटॅशियम परमँगनेटची धुरी रूढ आहे, परंतु परदेशांत एनिलकोनॅझोलची धुरी देतात. तेही ॲझोलच असून, संत्रावर्गीय फळे टिकविण्यासाठी इमॅझालिल या नावाने तेच वापरतात. भाताचे तूस कोठून आले आणि त्या भातावर काय फवारले होते, हाही धागा सोडता येत नाही.

म्हणून नमुना अंड्याचा न घेता गादीचा, खाद्याच्या गोदामातील धुळीचा व खताच्या ढिगाचा घ्यावा, तोही छाटणीपूर्वी व छाटणीनंतर. यासाठी कृषी, वैद्यक व विज्ञान या तिन्ही विभागांची गरज आहे. नाशिकमध्ये ही तिन्ही प्रकारची महाविद्यालये चालविणारी संस्थाही आहे आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठही. बहुविद्याशाखीय नियतकालिकात तीन स्वतंत्र निबंध शेजारी छापल्याने शाखा एकत्र येत नाहीत. रुग्णाच्या थुंकीतील वाण आणि शेडमधील वाण एका टेबलावर यावे लागतात.

ते येत नाहीत याचे एक अगदी साधे कारण आहे. तोंडी परीक्षा झाली की बशा ऑटोक्लेव्हमध्ये जातात. पाच वर्षांनी एखाद्या रुग्णात औषधरोधी फ्युमिगेटस सापडला तर तुलनेला मागचे काहीच उरलेले नसते. तिरप्या अगारावरील वाण खनिज तेलाखाली दीर्घकाळ जिवंत राहतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. संशयित वाण तेथे जमा करताना सोबतच्या चिठ्ठीवर तालुका, तारीख, गादीचा प्रकार, खाद्याचा स्रोत आणि शेजारच्या बागेत गेल्या हंगामात झालेल्या फवारण्या एवढे लिहिले, तरी पुढील प्रकल्पाच्या विद्यार्थ्याला पुन्हा ट्रेपासून सुरुवात करावी लागणार नाही.